हातउसने पैसे आणि अडवलेली वाट: आधी कोणत्या दारात जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एप्रिल 2024 मध्ये शेजारच्या गटातल्या शेतकऱ्याला तुम्ही 2 लाख 40 हजार रुपये हातउसने दिले. त्यातले दीड लाख बँकेतून, बाकीचे 90 हजार रोख, आणि रोख देताना तुमचे मामेभाऊ हजर होते. कागद केला नाही. तोंडी शेकडा दोन रुपये व्याज ठरलं होतं. जानेवारी 2025 मध्ये त्याने 40 हजार फोनवरून परत पाठवले, त्यानंतर 'ऊस बिल आलं की देतो' असे व्हॉट्सॲपवर मेसेज केले. तगादा वाढल्यावर दिवाळीनंतर त्याने तुमच्या रानाकडे जाणाऱ्या वाटेवर चर खणला. पोलीस म्हणाले, दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. मुंबईचे मेव्हणे म्हणतात, स्मॉल कॉज कोर्टात टाका. आता तुम्ही विचारताय की दोन्हीचा मिळून एकच दावा करावा का, आणि त्यात किती वर्षं जातील.

पैशाचं मागाहून बोलू, आधी वाट. तुमच्या सगळ्या कहाणीत सगळ्यात लवकर संपणारी मुदत तिची आहे आणि तिचा प्रश्नात तुम्ही जाता जाता उल्लेख केलाय.

शेतातली वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडथळा काढून टाकण्याचा आणि पुन्हा अडथळा करू नये असा मनाई हुकूम देण्याचा अधिकार त्याला आहे. पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज पडला पाहिजे. दिवाळीनंतर चर खणला असेल तर उन्हाळा संपायच्या आत हा दरवाजा बंद होतो. दिवस नक्की कोणता होता ते आत्ताच आठवून लिहून ठेवा. तुमच्याच अर्जात 'सुमारे सात-आठ महिन्यांपूर्वी' असं लिहिलेलं आढळलं की समोरचा वकील दुसरं काही बोलतच नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. याच तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खालीही रस्त्याचा अर्ज करता येतो, पण त्याचा विषय वेगळा. ज्याला रानात जायला रस्ताच नाही, त्याला बांधावरून नवीन वाट मागण्यासाठी ते कलम आहे. तुमची वाट आधीपासून होती आणि ती अडवली, म्हणून तुमचा अर्ज कलम 5 चा. एकाच कागदात 'वहिवाटीचा जुना रस्ता अडवला' आणि 'आम्हाला जायला रस्ता नाही, नवीन द्यावा' अशी दोन्ही वाक्यं घातलेले अर्ज मी कितीतरी पाहिलेत. लिहून देणाऱ्याला वाटतं दोन्ही घातलं की एक तरी लागू पडेल. प्रत्यक्षात पहिल्या वाक्याला दुसरं वाक्य खोटं पाडतं.

सोबत गाव नकाशाची नक्कल लावा. नकाशात तुटक दुहेरी रेष असेल तर तो गाडीमार्ग, तुटक एकेरी असेल तर पाऊलवाट. तुमची वाट नकाशात नसली तरी घाबरू नका, वहिवाट इतर मार्गांनीही सिद्ध होते. आजूबाजूच्या दोन-तीन शेतकऱ्यांचे जबाब, चर दिसेल असे फोटो, त्याच वाटेने ऊसाची वाहनं आल्याची कुणाकडे नोंद असेल तर ती. तहसीलदार स्वतः किंवा मंडळ अधिकारी जागेवर येऊन पाहतात. त्या दिवशी तुम्ही आणि साक्षीदार हजर राहा, कारण त्या पाहणीत जे लिहिलं जातं ते पुढे खोडणं अवघड असतं. हुकूम तुमच्या बाजूने झाला तर समोरच्याला जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. हक्काचा अंतिम निवाडा मात्र दिवाणी न्यायालयातच होतो, तहसीलदाराचा हुकूम तोवर टिकतो.

वाटेसाठी थेट दिवाणी कोर्टात मनाईचा दावा करता येणार नाही का? येतो. दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्यायचा, ज्याला आमच्याकडे सगळे 'निशाणी पाच' म्हणतात, कारण दाव्याच्या फाइलीत त्याला तोच क्रमांक पडतो. त्यावर न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी हक्क दिसतो का, मनाई दिली-न दिली तर जास्त गैरसोय कुणाची, आणि होणारं नुकसान पैशाने भरून येण्यासारखं आहे का. पण निशाणी पाचवर 'आहे ती स्थिती ठेवा' असा हुकूम मिळणं सोपं, 'खणलेला चर बुजवा' असा हुकूम सुरुवातीलाच मिळणं फार कठीण. आणि तुमच्याकडे आहे ती स्थिती म्हणजे चर. म्हणून मी तुम्हाला तहसीलच पहिली सांगतोय. सहा महिने उलटून गेलेले असते तर उत्तर वेगळं असतं.

आता पैसे. इथेही मुदतीपासूनच सुरुवात करावी लागते. हातउसन्या रकमेसाठी पैसे दिल्या दिवसापासून तीन वर्षं. म्हणजे एप्रिल 2027. त्याने 40 हजार परत केले ते जानेवारी 2025 मध्ये, म्हणून मुदत जानेवारी 2028 पर्यंत वाढली असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. कायद्यात तशी सोय आहे, पण अंशतः परतफेडीची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते. फोनवरून आलेल्या पैशाला ही अट लागू पडते की नाही यावर वाद घालता येतो, आणि ज्यावर वाद घालता येतो त्यावर स्वतःची मुदत टांगून ठेवू नये. एप्रिल 2027 हीच शेवटची तारीख धरा. त्याआधी त्याच्याकडून 'इतके रुपये देणं बाकी आहे' असा एका ओळीचा सहीचा कागद मिळाला तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. मुदत संपल्यावर लिहून दिलं तर तसा फायदा नाही.

स्मॉल कॉजचं एका वाक्यात: मुंबईचं लघुवाद न्यायालय धोबी तलावाला आहे, तिथली मुख्य गर्दी भाडेकरू आणि घरमालकांची, तुमच्या तालुक्याशी त्याचा संबंध नाही. प्रतिवादी जिथे राहतो किंवा व्यवहार जिथे झाला तिथल्या कोर्टात दावा पडतो. तुमचा दोन लाखांचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जाईल.

पोलिसांनी सांगितलं ते यावेळी बरोबर आहे. पैसे घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवता आलं तर फसवणूक. घेतले आणि नंतर दिले नाहीत, तर दिवाणी. 40 हजार परत आलेत म्हटल्यावर फसवणुकीची बाजू आणखी लंगडी होते. चेक असता तर गोष्ट निराळी होती. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार, असा रस्ता असतो आणि त्याचा धाक दिवाणी दाव्यापेक्षा जास्त बसतो. पण आता चेक मागायला गेलात तर तो देणार नाही, आणि जबरदस्तीने घ्यायच्या फंदात पडू नका.

दावा लावायच्या आधी मी पक्षकाराला एकच गोष्ट बसवून विचारतो: हुकूमनामा हातात पडला असं धरा, मग पैसे नेमके कुठून येणार? माझ्या मते छोट्या रकमेच्या दाव्याचा सगळा विचार इथून उलटा करत आणावा. निकाल हा कागद आहे. प्रतिवादीने तो मानला नाही तर तुम्हाला पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात. हुकूमनाम्यापासून 12 वर्षं दरखास्त करता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलंय. तालुक्याच्या कोर्टात जाऊन दरखास्तींचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघितलात तर पुढचं मला सांगावं लागणार नाही.

मग तुमच्या शेजाऱ्याकडे जप्त करण्यासारखं काय आहे? त्याचं राहतं घर नाही. शेतकऱ्याचं स्वतः राहत असलेलं घर, शेतीला लागणारी अवजारं, बैल, बियाणं या गोष्टी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मुळे जप्तीतून सुटतात. तो नोकरदार असता तर पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याच्या दोन तृतीयांश एवढी रक्कम सोडून बाकीवर हात घालता आला असता. जमीन जप्त होऊ शकते, पण दोन लाखांसाठी गावात जमिनीचा लिलाव लावणं म्हणजे पुढच्या पिढीसाठी वैर पेरणं, शिवाय बोली बोलायला गावातलं कुणी येत नाही. राहिलं ऊस बिल. साखर कारखान्याकडून त्याला येणारी रक्कम हे त्याचं कारखान्याकडचं येणं आहे, आणि ते कोर्टामार्फत कारखान्याला नोटीस काढून थांबवता येतं. तुमच्या प्रकरणात सगळ्यात खरा पैसा हाच. फक्त विकास सोसायटीचं पीककर्ज त्याच बिलातून आधी कापलं जातं, तेव्हा कापून उरतं काय ते आधी बघा. कोणत्या कारखान्याला ऊस जातो, सभासद तोच आहे की बायकोच्या किंवा भावाच्या नावावर नोंद आहे, बँक खातं कुठलं, ही माहिती आत्ता, संबंध पूर्ण तुटायच्या आधी गोळा करा. नंतर कुणी सांगत नाही.

अटकेचं तुम्ही विचारलंय. रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर दिवाणी कैद जास्तीत जास्त तीन महिने होऊ शकते. पण सर्वोच्च न्यायालयाने 1980 पासून हे स्पष्ट केलंय की निव्वळ देता आलं नाही म्हणून कुणाला आत टाकता येत नाही. ऐपत असून मुद्दाम देत नाही हे तुम्हाला दाखवावं लागतं. वर त्याच्या जेवणाखाण्याचा भत्ता तुम्हीच भरायचा. आणि कैद भोगली म्हणून कर्ज फिटत नाही. धाक म्हणून अर्ज ठीक, वसुली म्हणून त्यावर अवलंबून राहू नका.

आता शेकडा दोन रुपये व्याजाचं. दाव्यात ते लिहायचा मोह टाळा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 नुसार परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने कोर्ट हुकूमनामा देऊ शकत नाही. ओळखीत एखाद्याला पैसे दिले म्हणून तुम्ही सावकार होत नाही, सावकारीचा धंदा दिसला पाहिजे. पण महिन्याला दोन टक्के व्याज लिहिलंत की समोरचा वकील गावातले आणखी दोन माणसं उभी करतो, 'यांनी मलाही व्याजाने दिले होते' म्हणणारी, आणि सावकारीवर देखरेख ठेवणाऱ्या सहायक निबंधकांकडे तक्रारही जाते. एक वर्षभर तुम्ही वादी न राहता आरोपीसारखे उत्तरं देत बसता. मुद्दल मागा, आणि नोटिशीच्या तारखेपासून वाजवी दराने व्याज मागा. लेखी करार नसताना नोटीस दिल्यापासूनचं व्याज देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. जर तुम्ही खरोखरच चार जणांना व्याजाने पैसे देत असाल तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि वकिलाला खरं सांगा.

90 हजार रोखीचा प्रश्न दुहेरी आहे. आयकर कायद्यात 20 हजार आणि त्यापुढचं कर्ज रोखीने घ्यायला मनाई आहे. दंडाची तलवार घेणाऱ्यावर लटकते, देणाऱ्यावर नव्हे, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की त्यामुळे मूळ देणं वसूल न होण्याजोगं ठरत नाही. तेव्हा कायद्याची अडचण कमी, पुराव्याची जास्त. मामेभाऊ साक्ष देतील, पण उलटतपासणीत त्यांना विचारलं जाईल: पैसे कुठून काढले, किती रुपयांच्या नोटा होत्या, तुम्ही तिथे कशाला गेला होतात. त्या सुमारास तुमच्या खात्यातून रोख काढल्याची नोंद असेल तर पासबुकाचा उतारा लावा. नसेल तर दीड लाखाचा भाग पक्का आणि 90 हजारांचा भाग झुंजीचा, असं समजून चला.

व्हॉट्सॲप मेसेज तुमच्याकडचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, बशर्ते त्यात रक्कम किंवा व्यवहार ओळखू येत असेल. नुसतं 'ऊस बिल आलं की देतो' एवढंच असेल तर तो म्हणेल, खताचे हजार रुपये होते. अजून बोलणं चालू असेल तर साध्या भाषेत मेसेज टाका: 'भाऊ, 2 लाख 40 हजारातले 40 आले, 2 लाख राहिले, कधी देताय?' त्याचं उत्तर जे येईल ते येईल. भांडू नका, शिव्या देऊ नका. तुमचे मेसेजही न्यायाधीश वाचणार आहेत. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम 63 प्रमाणे छापील प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं, ज्याचा एक भाग तुम्ही आणि दुसरा तज्ज्ञ भरतो. नुसते स्क्रीनशॉटचे कागद फाइलीत टाचून उपयोग नाही.

यापुढे कुणाला पैसे दिलेत तर प्रॉमिसरी नोट तरी करून घ्या, आणि तिच्यावर महसूल तिकीट लावून त्यावर सही घ्या. तिकीट नसलेली नोट कोर्टात वाचलीच जात नाही, आणि इतर कागदांसारखा दंड भरून ती दुरुस्तही करता येत नाही. नोटरीकडचा बाँड मोठा दिसतो, पण एका ओळीची तिकीट लावलेली नोट जास्त कामाची. अशा नोटेवर समरी दावा करता येतो, जिथे प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. तुमच्याकडे तसा कागद नाही, म्हणून साधा दावा.

साधा दावा कसा चालतो ते पाहा. वकिलामार्फत नोटीस, पोच मिळेल अशा टपालाने. उत्तर आलं तर ते जपून ठेवा, कधी कधी त्यातच कबुली असते. मग दावा, कोर्ट फी, नोंदणी, रे. मु. नंबर (नियमित मुकदम्याचा क्रमांक). कोर्ट फी रकमेच्या प्रमाणात असते. (तुम्ही विचारलंय की दावा आईच्या नावाने केला तर फी माफ होईल का. 1994 पासून महिलांना पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत माफी आहे, उसनवारीच्या वसुलीत नाही. शिवाय पैसे तुमच्या खात्यातून गेलेत.) त्यानंतर समन्स, आणि निम्मे दावे इथेच दमतात. बेलीफ, म्हणजे समन्स पोचवणारा कोर्टाचा माणूस, जातो, घरचे सांगतात परगावी गेलेत, तो तसा रिपोर्ट लावतो, तारीख पडते, पुन्हा भत्ता भरायचा. तुमचा माणूस शेजारीच राहतो, त्याचा फायदा घ्या. बेलीफ कधी निघणार ते विचारून ठेवा आणि प्रतिवादी रानात असेल तर तिथे दाखवून द्या. हजर होत नसेल तर दारावर समन्स चिकटवण्यासाठी अर्ज करता येतो.

समन्स मिळाल्यापासून त्याला कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला 30 दिवस, कोर्टाने वाढवले तर 90. ती मुदत साध्या दाव्यात अगदी दगडावरची रेघ नाही, खर्च भरून उशिराची कैफियत घेतली जाते. म्हणून 'नो डब्ल्यू.एस.'चा, म्हणजे कैफियत आली नाही असा, हुकूम झाला की जिंकलो असं समजून पेढे वाटू नका. मग मुद्दे निघतात, तुमची सरतपासणी (स्वतःची साक्ष) शपथपत्रावर, मग उलटतपासणी, त्याची साक्ष, युक्तिवाद, निकाल. तुम्ही गैरहजर राहिलात तर दावा काढून टाकला जाऊ शकतो. तो गैरहजर राहिला तर एकतर्फी निकाल होतो आणि तो रद्द करायला तो नंतर येतो. सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा ऑनलाइन क्रमांक) वकिलाकडून घ्या आणि ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख स्वतः बघत चला. साध्या वसुलीच्या दाव्याला माझ्या अंदाजाने दोन ते चार वर्षं धरावीत, आणि अपिलाची वेगळी. पैशाच्या हुकूमनाम्यावर अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती हवी असेल तर त्याला रक्कम भरावी किंवा तारण द्यावं लागतं, हे मात्र तुमच्या सोयीचं.

यातलं काहीच नको असेल तर कोर्टाच्याच आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय आहे. दावा लावण्याआधीच प्रकरण लोक अदालतीत ठेवता येतं, त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, आणि त्याला कोर्ट फी लागत नाही. दावा चालू असताना लोक अदालतीत मिटला तर भरलेली फी परत मिळते. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच अंमलात येतो आणि त्यावर अपील नाही. दोघांची संमती लागते, हे खरं. पण दाव्याचं समन्स घरी पोहोचल्यावर संमती द्यायची तयारी बरीच वाढते. माझा अनुभव असा की तालुक्याच्या कोर्टातले असे दावे निकालापेक्षा तारखांच्या मधल्या अंतरात, चहाच्या टपरीवर आणि भावकीतल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या मध्यस्थीने जास्त मिटतात. कोर्टाचं काम तेवढा वेळ दोघांना एका जागी आणून ठेवायचं.

तडजोड झाली तर पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा कागद, मोघम लिहू नका. 'प्रतिवादी पैसे देईल' असं नको. किती हप्ते, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, आणि एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम वसूल करता येईल, ही ओळ हवीच. हप्ते त्याच्या ऊस बिलाच्या महिन्यांशी जुळवून बांधा, नाहीतर पहिलाच चुकेल.

आणि तुम्ही विचारलेल्या 'दोन्हीचा एकच दावा' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सुरुवातीला दोन्ही एकत्र करू नका. वाट तहसीलदाराकडे, पैसे कोर्टात. पण शेवटी तडजोड करताना दोन्ही एकत्र आणता येतं. दाव्याचा विषय नसलेली, पण त्याच दोन पक्षांमधली बाब तडजोडीत घालायला दिवाणी प्रक्रिया संहितेची हरकत नाही. तेव्हा पैशाच्या दाव्यात हप्ते ठरवताना चर बुजवून वाट मोकळी करण्याचं कलमही लिहून घ्या. फक्त शब्द जपा. 'पूर्वीपासून असलेली वहिवाटीची वाट प्रतिवादीला मान्य आहे' असं लिहिलं तर गोष्ट वेगळी, आणि 'प्रतिवादी आपल्या गटातून आठ फुटांची वाट वादीला देत आहे' असं लिहिलं तर तो जमिनीतला नवा हक्क होतो आणि दाव्याचा विषय तो नसल्यामुळे नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. वकिलाला हे वाक्य तुमच्यासमोर वाचून दाखवायला सांगा. सही झाल्यावर त्याची प्रत तहसीलच्या प्रकरणातही दाखल करा आणि वाटेची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घेण्यासाठी अर्ज द्या.

आधी मात्र तहसीलचा अर्ज. चर खणल्याची तारीख, गट नंबर, गाव नकाशाची नक्कल आणि फोटो घेऊन येत्या आठवड्यातच तो आवक-जावक टेबलावर देऊन पोच घ्या.